सगळ्यात मोठा आकडा

माझा स्वभाव तापट, आणि धंदा साउंडचा. आवाज बिघडला की माझं बोट आधी दुसऱ्याकडे जातं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी कितीजणांना ऐकवली असेल. ती मलाच लागू पडते हे मला एका दहाव्याला कळलं, आणि त्या सकाळची लाज अजून गेलेली नाही.

तलवाड्याच्या पुढच्या एका गावात एक वयस्कर गृहस्थ वारले होते. घर वजनदार, मोठा मंडप, प्रवचनाला महाराज. मी नुकतेच बिनवायरचे दोन माईक घेतले होते. एक महाराजांच्या उपरण्याला लावायचा, दुसरा हातात धरायचा. दोन्हींच्या रिसीव्हरवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या डब्यावर, आकडे दिसत आणि बटण दाबलं की वरखाली होत. आमच्याकडे मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, मग तो ट्रॅक्टर असो की ॲम्प्लिफायर. मी दोन्ही माईक सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवले. एकेक चालू करून हॅलो हॅलो केलं. दोन्ही खणखणीत. मी खूश.

प्रवचन संपलं. महाराज खाली बसले, उपरण्यावरचा माईक तसाच चालू राहिला. मग श्रद्धांजलीची भाषणं. ती आमच्याकडे पुढाऱ्यांनी करायची असतात, लेकींनी बायकांत बसून रडायचं असतं. त्या दिवशी थोरली लेक उठली. त्या ताईंच्या एका हातात लिहून आणलेला कागद होता आणि दुसऱ्या हातात मी दिलेला माईक.

"माझ्या बापानं मला..." एवढंच नीट ऐकू आलं. पुढे खरखर, शिट्टी, तुटकी अक्षरं. त्या थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. मागे कुणीतरी हसलं. माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली तसं माझं डोकं सरकलं. माझ्याजवळ वायरचा माईक होता. त्यातून मी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, माईक नीट धरा. धरता येत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसल्या.

दोन दिवसांनी मी दोन्ही माईक घेऊन बीडला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आकडे बघितले.

"दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर कावून लावले?"

"जोर पाहिजे म्हणून."

"आकडा जोराचा न्हाई बे. तो नुसता पत्ता हाय. दोघं एकाच पत्त्यावर बोलाया लागल्यावर रिसीव्हरनं कुणाचं ऐकायचं?"

एकेकटे लावून बघितले तेव्हा म्हणूनच दोन्ही खणखणीत होते. दोघांचे आकडे वेगळे ठेवायचे, तेही जरा अंतर राखून, एवढंच काम होतं. महाराजांच्या उपरण्यावरचा माईक बंद केला असता तरी भागलं असतं. माईक ताईंनी नीटच धरला होता.

त्या गावाला जाऊन हे सांगणं काही अवघड नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी वर्ष घालवलं. खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं.

यंदा कडा गावात बचत गटाच्या बायकांचा मेळावा होता, साउंड माझा. ताईंचं सासर तिथलंच, हे मला ठाऊक नव्हतं. बोलायला त्यांचं नाव पुकारलं, तर त्यांनी जागेवरूनच मान हलवली. "नगं. मला माईक धरता येत न्हाई." बायकांना ती थट्टा वाटली, त्या हसल्या. मी मात्र ताईंना ओळखलं.

कार्यक्रम संपल्यावर बायका तिथेच चहा घेत बसल्या होत्या. मी माईक गोळा करता करता ताईंपाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "ताई, त्या दिवशी चूक माझी होती. माईक मीच चुकीचा लावलता."

त्या रागावल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, "तवा सगळ्यांसमोर बोललात, भाऊ. आता कानात कावून सांगता?"

मंडप अजून भरलेला होता. माईक माझ्या हातात होता, बटण अंगठ्याखाली. मी ते दाबलं नाही.