डमरूची होडीतली शाळा

शरूताई पावगी यांनी कॅन्ट स्टेशनच्या चौकशी खिडकीत एकतीस वर्षं काढली. गाडी नऊ तास लेट आहे हे रोज सांगूनही जी बाई सुखरूप निवृत्त झाली, तिला एक घाबरट कुत्रं काय जड जाणार? पण गंगाकाठच्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीला हे पटेना.

कुत्र्याचं नाव डमरू. पण ढोल वाजला की या डमरूची शेपटी पोटाखाली जाई आणि दात बाहेर येत. माघातल्या एका वरातीत त्याने ढोलवाल्याचं धोतर टराटरा फाडलं. शेजारचे वेणीमाधवशास्त्री कडाडले, "शरूताई, वैशाखात माझ्या नातवाची मुंज आहे. भिक्षावळीचा बँड याच गल्लीतून जाणार. तुमचा हा पागल अंगावर धावला, तर दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी गंगेपलीकडे! त्यापेक्षा आत्ताच दोन काठ्या घाला."

"शास्त्रीबुवा, खिडकीवर ओरडणारे पासिंजर बहुतेक घाबरलेलेच असायचे. काठी घातली असती तर गाडी लवकर आली असती का?"

ताईंचा उपाय सोपा होता. ढोल इतक्या लांब वाजवायचा की डमरू कान टवकारेल, पण गुरगुरणार नाही. ढोल सुरू झाला की तोंडात छेन्याचा, म्हणजे ताज्या पनीरचा, तुकडा. ढोल थांबला की छेना बंद. मग रोज थोडं जवळ. अडचण एवढीच, की आमच्या गल्लीत 'लांब' कुठून आणणार? इथे आळस द्यायला हात पसरले तर समोरच्यांची खिडकी लागते.

ताईंनी मग थेट गंगाच कामाला लावली. ताई आणि डमरू मोहन मल्लाहाच्या होडीत, मधल्या धारेत. संकठा घाटाच्या पायरीवर ढोल बडवायला मी, बँकेतला एक प्रतिष्ठित अधिकारी! पहिल्या दिवशी स्नानाला आलेली मंडळी उठून गेली. डमरू मात्र मजेत छेना चघळत होता.

"बहिनजी, और पास लें?" मोहन रोज विचारी.

"दो हाथ बस."

एकदा मोहनने घाई केली आणि डमरू गुरगुरला. ताई कुत्र्याला चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "गलती हमारी है. पीछे लो."

दीड महिन्यात होडी पायरीला टेकली.

भिक्षावळीच्या संध्याकाळी सगळी गल्ली खिडक्यांत लोंबकळत होती. डमरू उंबऱ्यावर, ताईंच्या हातात सैल दोरी. ढोल धडाडला. डमरूने ढोलाकडे पाहिलं आणि लगेच मान वळवून ताईंकडे: हं, आणा माझा छेना! शेपटी हलली, ती हलतच राहिली.

शास्त्रीबुवांचा विश्वास बसेना. त्यांनी बँड थांबवला. "फिर बजाओ! जोर से!" डमरू खाली बसला. "और एक बार!" डमरूने जांभई दिली. खिडक्याखिडक्यांतून टाळ्या कडाडल्या.

पीतांबर सावरत शास्त्रीबुवा पुढे आले. "ताई, एक तुकडा इकडे द्या."

डमरूने त्यांच्या तळहातावरचा छेना अलगद उचलला. शास्त्रीबुवांनी आधी बोटं मोजली, मग घसा खाकरून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हा इथेच राहील. कुणाचं काही म्हणणं आहे?"