आधी खोली तपासणार

सोलापुरात नर्सिंगला असताना मी आणि माळशिरसची एक मैत्रीण एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. डास फार म्हणून त्यांनीच पलंगासमोरच्या बोर्डात डासांचं मशीन लावून दिलं होतं. "बंद करू नका," असंही बजावलं होतं.

डास काही कमी होईनात. एका रविवारी दुपारी बाटली बदलावी म्हणून मी मशीन काढलं. दोन महिन्यांत औषध थेंबभरही उतरलं नव्हतं. उजेडात धरलं, तर बारक्या दिव्याशेजारी कॅमेऱ्याची मोहरीएवढी काच. मैत्रिणीनं चादर अंगाभोवती ओढून घेतली. म्हणाली, "आपण कपडे इथंच बदलतो."

मी मशीन घेऊन खाली गेले. काकांनी आधी कानावर हात ठेवले. मग हळूच म्हणाले, "दे इकडं. बोभाटा झाला तर नाव तुमचंच खराब होईल. वडील कॉलेज सोडायला लावतील."

ती भीती मलाही होतीच. तरी मी मशीन ओढणीत गुंडाळलं आणि त्यांच्यासमोरच सांगोल्याला आईला फोन लावला. ती मेंढरांमागं रानात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू काय केलंस म्हणून तुजं नाव खराब हुईल?" ती म्हणाली. "ते मशीन हातातनं सोडू नगं. मी येतीया."

ती एसटीनं पोचेपर्यंत आम्ही दोघी पोलीस ठाण्यात बसून होतो. एक हवालदार म्हणाले, "खोली बदला की. कशाला कोर्टकचेरी?"

"बदलणारच आहे. आधी तक्रार लिहून घ्या."

शेवटी एका महिला अधिकाऱ्यांनी ती घेतली. मशीनमधल्या मेमरी कार्डात आमच्याआधी राहून गेलेल्या मुलींचंही चित्रण निघालं. त्यातल्या एकीनं येऊन जबाब दिला. काकांना अटक झाली. खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मी जाते, आणि मान वर करून जाते. वडिलांनी कॉलेजचा विषयही काढला नाही.

नवी खोली शोधताना मी दारातच सांगायचे, "आधी तपासणार." पडदे ओढून, दिवे घालवून, मोबाईलच्या टॉर्चनं बोर्ड, घड्याळ, गिझर, सगळं बघायचे. दोन मालक चिडले. "आमच्यावर विश्वास नाही?"

"नाही," म्हणायचे आणि जिना उतरायचे.

तिसऱ्या घरच्या मावशी मात्र माझ्यामागून बघत फिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाबी शिकीव की. माजी पोरगी पुण्यात खोली घिऊन ऱ्हाती."

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला.