अनुग्रहापासून सुरुवात

माझे व्याही निवृत्त पाद्री, हिंदीभाषक. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं होत आली, तरी आमचं बोलणं "चाय लेंगे?" आणि "गर्मी बहुत है" यापुढे सरकत नव्हतं. भांडण नव्हतं हो. समोरच्याला काही लागेल म्हणून दोघंही इतके जपून बोलायचो की बोलणंच उरत नसे. सून बिचारी मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघायची.

तिनेच एकदा सांगितलं, "बाबा, पप्पा एका धर्मचिंतकाचं नाव काढलं की थांबतच नाहीत." मला तेवढं पुरलं. पुढच्या भेटीत मी ठोकून दिलं, "उन्हें तो हम भी पढ़ रहे हैं." व्याह्यांचा चेहरा असा उजळला की आता वाचणं भाग होतं.

सुरुवात कुठून करायची? कोणताही शहाणा माणूस त्या चिंतकाच्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्या खंडापासून करेल, तशी मी केली. ठोकळा नुसता! त्यात देव येतच नाही; देवाविषयी बोलता येतं का, याचीच चर्चा. एक वाक्य आमच्या इंदूरच्या राजवाड्यावर सुरू व्हायचं आणि बडा गणपतीला पोचायचं, तेही मध्ये जाम लागून. खाली बारीक अक्षरात तळटिपा, लॅटिन आणि ग्रीक. मी चष्मा बदलून पाहिला. बायको म्हणाली, "डोकं बदलून बघा."

शेवटी हार मानून व्याह्यांना फोन लावला. "समधीजी, शुरू कहाँ से करूँ?"

"अनुग्रह से," ते प्रेमाने म्हणाले. "पहले अनुग्रह लीजिए, बाक़ी अपने आप खुलेगा."

मी गार. आमच्याकडे अनुग्रह घ्यायचा म्हणजे गुरूंकडून मंत्र घ्यायचा. म्हणजे हे मला सरळ बाप्तिस्म्यालाच बोलावताहेत! मी आवाज कडक केला. "माफ़ कीजिए, हमारे यहाँ अनुग्रह हो चुका है. दोबारा नहीं लेते."

पलीकडून "अच्छा जी," आणि फोन बंद.

पुढच्या रविवारी ते जेवायला आले नाहीत. सून डोळे पुसत म्हणाली, "बाबा, पप्पा म्हणताहेत, समधीजींना मी दुखावलं. तुम्ही काय बोललात?" मी सांगितलं. ती आधी बघतच राहिली, मग कपाळावर हात मारून हसायला लागली. "अहो, आमच्यात अनुग्रह म्हणजे कृपा! देवाची! पुस्तकातला 'कृपा' हा विषय आधी घ्या म्हणत होते ते!"

उभं आयुष्य इंदुरात गेलं. दिवसभर हिंदी बोलतो, रागावतो हिंदीत. आणि नेमका या शब्दाला मराठी झालो.

तडक त्यांच्याकडे गेलो. दारातच म्हटलं, "समधीजी, मैं गधा हूँ." ऐकून घेतल्यावर ते खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मग म्हणाले, "पहला खंड? किस दुश्मन ने कहा था?" आणि त्याच लेखकाच्या प्रवचनांचं बारीकसं पुस्तक हातात दिलं. "ये लोगों के सामने बोला है, इसलिए आदमी की भाषा में है. जहाँ अटकें, वहाँ झगड़िए."

मी सगळीकडेच अटकतो. कृपा फुकट मिळते म्हणे, काही करावं लागत नाही. मग एवढं लिहिलं कशाला, हे मला अजून कळत नाही, आणि चिडून मी तसं सांगतो. व्याहीही चिडतात. परवा तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "अरे, आप समझते क्यों नहीं?"

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'अरे' म्हटलं.