वंदना तेवढी सोडून

एका जागी बसून शिकणं मला कधी जमलंच नाही. वैशाली नगरातल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, मुलाखत इंग्लिशमधून होणार होती, आणि मी चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पलंगापासून ओट्यापर्यंत येरझारा घालत होते. क्लासच्या सरांनी युक्ती सांगितली होती. वाक्यातला एकेक शब्द चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या विसकटायच्या आणि पुन्हा क्रमाने लावायच्या. कर्ता आधी, क्रियापद लगेच त्याच्यामागे. माझं क्रियापद मात्र हटकून शेवटी जाऊन बसायचं, मराठीत बसतं तसं. मग मी चिडून पंखा लावायचे आणि चिठ्ठ्या घरभर उडायच्या.

बाबा यार्डात शंटिंगच्या कामाला. माझी तगमग पाहून त्यांनी फर्मान काढलं, "नोकरी लागेपर्यंत घरात फक्त इंग्लिश. मराठी बोलाल त्या दिवशी टीव्ही बंद. आईची संध्याकाळची वंदना तेवढी सोडून."

आपण मोठीच तोड काढली असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण इकडे हिंदी मुलखात बाजारात, लोकलमध्ये, शेजारीपाजारी आम्ही सगळे हिंदीच बोलतो. मराठी काय ती घरात. तिथूनही ती हाकलली, तर इंग्लिशचा गंध नसलेल्या आईने बोलायचं कुठे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबांचं इंग्लिश सिग्नल आणि लूप लाइनपाशी संपलं. मग ते नुसतं "गुड, गुड" म्हणत ड्यूटीवर जायला लागले. मी भिंतीशी वाक्यं घोकायचे. आई खुणेने ताट दाखवायची, मी "येस" म्हणायचे. ती शांतता मला सहन होत नव्हती, आणि मुलाखतीच्या धास्तीने मोडवतही नव्हती.

अशात आईची वंदना लांबायला लागली. संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ती त्रिशरण, पंचशील म्हणायची आणि उठायची. आता उठेना. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि त्याच संथ आवाजात पुढे सुरू, "नागपूरच्या मामीचा फोन आला होता, तिचे गुडघे लय दुखून राहिले. नळाले पाणी कमी येऊन राहिलं. तुरीची डाळ संपली." बाबा टीव्हीवरून मान वळवून बघायचे. पण वंदनेला सूट त्यांनीच दिलेली, बोलणार काय! मला हसू आवरायचं नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "पोरगी दिवसभर घरात फिरून राहिली, पण माह्याशी बोलत नाही."

त्या दिवशी हसू आलं नाही. मी बाहेर गेले आणि कॉलनीच्या रस्त्यावर उगाच फेऱ्या मारत राहिले.

मुलाखतीत मॅडमनी विचारलं, घरात तुम्ही सगळ्यात जास्त कोणाशी बोलता? उत्तर चटकन आलं, "आय टॉक टू माय मदर द मोस्ट." सगळे शब्द जागच्या जागी. मॅडमनी खूश होऊन मान डोलावली. मला मात्र भयंकर राग आला, स्वतःचा, त्या फर्मानाचा, चिठ्ठ्यांचा. इतकं नीट वाक्य मी पहिल्यांदाच बोलले होते आणि ते धादांत खोटं होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबांनी टीव्हीसमोरूनच विचारलं, "हाऊ वॉज इट?" आई मूर्तीपुढे बसलेली. पंचशील संपलं आणि डोळे न उघडताच ती म्हणाली, "पोरीचा इंटरव्ह्यू कसा झाला, मले अजून कोणी सांगितलं नाही."

बाबांना उत्तर न देता मी चपला काढल्या आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले. हात जोडले. मूर्तीकडे बघत म्हणाले, "चांगला झाला. पण लय भेव वाटत होतं. अन् सकाळपासून भूक लागली आहे मले."

बाबांनी उठून टीव्ही बंद केला.

आईने डोळे उघडले. "मूर्तीले काय सांगून राहिली वं?" ती म्हणाली. "मले सांग ना."