दिवाणखान्यातला तंबू

तंबू कसा निवडावा, हे मला कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या एका दिवाणखान्यात, कार्पेटवर बसवून शिकवण्यात आलं. शिकवणाऱ्यांपैकी एकही जण आयुष्यात तंबूत झोपला नव्हता.

आमचा मोटारसायकलवाल्यांचा मराठी ग्रुप. सात पुरुष आणि मी. युटापर्यंत जाऊन यायचं, रोज नवा मुक्काम, असा बेत होता. वर्षभरात मिळणारी सगळी सुट्टी मी त्यासाठी राखून ठेवली होती. या लोकांनी त्याचं गणेश मंडळ करून टाकलं. सगळ्यांचे तंबू सारखे, नारिंगी, वर ग्रुपचा लोगो. का? तर ड्रोनमधून फोटो भारी येतो.

बाहेर हिरवळीवर सोसायटी काही उभारू देत नाही, म्हणून सोफे सरकवून नमुन्याचा तंबू घरातच उभा केला होता. ग्रुपचा ॲडमिन आत शिरला आणि आतूनच ओरडला, "यार, हाइट बघा! उभं राहून पँट बदलता येते."

"किती वेळ लागतो तुम्हाला पँट बदलायला?" मी विचारलं.

त्याची बायको वडे घेऊन आली होती, ती हसली. बाकी कोणी नाही.

"आणि वाऱ्यात काय होईल याचं?"

"अगं, फ्री-स्टँडिंग आहे. खुंट्या ठोकायची भानगडच नाही."

एसीच्या झोतानेसुद्धा कापड फडफडत होतं. नेवाडाच्या उघड्या माळावर ही एवढी उंच भिंत म्हणजे होडीचं शीड. हे इंजिनिअर लोकांना समजावून सांगायचं म्हणजे कमाल.

तसाच दुसरा तंबू पिशवीत होता. तो उचलून मी बाहेर माझ्या बाइकवर आडवा ठेवला. लहानशी बाइक. काठ्या दोन्हीकडून हँडलच्याही बाहेर आल्या. शेजारून ट्रक गेला की तंबू गेला, मागोमाग मी.

"ताई, तू टेन्शन घेऊ नको," ॲडमिन म्हणाला. "तुझी वहिनी एसयूव्ही ड्राइव्ह करत मागून येणारच आहे. सगळे तंबू त्यात. तू फक्त राइड एन्जॉय कर."

म्हणजे बिऱ्हाड बायकोने वाहायचं, आणि यांनी लेदरची जाकिटं घालून पुढे धूळ उडवायची. संध्याकाळी गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला शूरवीरांसारखं उभं राहायचं.

"माझा तंबू माझ्याच बाइकवर जाईल. मी वेगळा घेते."

"मग ग्रुप कशाला म्हणायचं? सेम तंबू, नाहीतर..."

असली माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत. ते समोरच्याने करायचं असतं. मी केलं. "नाहीतर मी एकटी."

माझे वडील पंक्चर काढायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कुठली शाखा घेऊ, हे विचारायलासुद्धा घरात कोणी नव्हतं. ते निभावलं, आणि आता कापडाच्या रंगासाठी सात जणांची परवानगी काढू?

मी घेतला तो तंबू बुटका, मळखाऊ हिरवा. बसलं की डोकं छताला टेकतं. नावाला दोघांचा, दुसऱ्याच्या जागी हेल्मेट, बूट आणि सामान. काठ्यांचे तुकडे एवढे आखूड की सगळा तंबू बाइकच्या बाजूच्या पेटीत मावला. दिवाणखान्यात उभा केला असता तर कोणी वळून पाहिलं नसतं.

ठरलेल्या दिवशी मी एकटीच निघाले. नेवाडात पहिला मुक्काम. जमीन कडक, खुंट्या अर्ध्याच गेल्या, त्यांवर दगड ठेवले. वारा सुटला तसा तंबू थरथरला, पण हलला नाही. पहाटे छतावरून थेंब टपकन कपाळावर पडला. आपल्याच श्वासाची वाफ. दोष आहेच तंबूत, नाही म्हणत नाही.

सकाळी पेट्रोल भरायला थांबले तेव्हा फोनला रेंज आली. ॲडमिनचा कालचा मेसेज होता. "ट्रिप पुढे ढकलली यार. हिला सुट्टी नाही मिळाली. तूही थांब, सगळे एकत्र जाऊ."

सात मोटारसायकली, सात गडी, आणि एका बाईला सुट्टी नाही म्हणून सगळे घरी.

फोन खिशात टाकला. पेटीत तंबू ओलाच होता. ऊन चढलं की कुठेतरी पसरून वाळवायचा होता. मी हातमोजे चढवले आणि युटाचा रस्ता धरला.