आतून लावलेली कडी

परळच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत गुणाजीला 'वडील' म्हणत, ते वयामुळं नव्हे. तो मंडळीनं निवडलेला वडील होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर वाटून खायचा विधी असे, आणि भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरवायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडं होतं. ताट घेऊन तो असा चालायचा, जणू भाकर त्याच्याच चुलीवरून उतरलीय. कुणाच्या घरात भांडण पेटलंय, कुणाच्या तोंडाला दारूचा वास येतोय, सगळं त्याला पाठ. अशा माणसापुढं तो ताट धरायचा खरा, पण नजर अशी रोखायचा की त्या बापड्यानं हात आपणच मागं घ्यावा.

नगरकडून आलेला हा माणूस गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, झाडू मारता मारता मुकादम झाला. बायको वारली, मुली सासरी गेल्या. करी रोडच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर एकटा राहायचा. शेजारच्या खोलीत मालवणकडचा लवू आणि त्याची बायको गंगुबाई. लवू त्याच्याच खात्यात साचे चालवायचा आणि शनिवारी झोकून, गात गात घरी यायचा. गुणाजी भिंतीपल्याडून मुद्दाम मोठ्यानं खोकायचा. ते खोकणं म्हणजे लवूला दिलेला दम.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणत गिरणगाव रस्त्यावर उतरलं, आणि एका दुपारी चाळीखाली गोळीबाराचे आवाज आले. माणसं वाट फुटेल तशी जिन्यांत घुसली. गुणाजीची त्या दिवशी गिरणीत पाळी होती, पण तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता. कडी लावून तो खाटेवर बसून राहिला.

दारावर थापा पडल्या.

"मुकादमानू! दार उघडा! मी लवू! माझ्या खोलयेक कुलूप आसा, चावी बायलेकडे!"

गुणाजी उठला. कडीवर हात ठेवला. पोलीस वर आले तर? दंगेखोराला घरात घेतलं म्हणून आपल्यालाच नेलं तर? आणि खरं सांगायचं तर, खोल कुठंतरी असंही आलं, की ह्या दारुड्यासाठी मी का मरू? त्याला खोकला आला. तो त्यानं धोतराच्या सोग्यात दाबला. हात कडीवरून खाली आला.

लवू जिन्याकडं वळला. वर चढणाऱ्यांच्या रेट्यात तो दहा पायऱ्या खाली कोसळला आणि माणसं त्याच्या उजव्या हातावरून गेली. कोपराचा चुरा झाला. साच्यावर तो हात पुन्हा चालणार नव्हता.

"तुमी पाळयेर गेल्लास," गंगुबाई दुसऱ्या दिवशी डोळे पुसत म्हणाली. "घराक आसतास तर दार उघडल्याशिवाय ऱ्हवले नसतास."

गुणाजी 'नाही' म्हणाला नाही. त्या दिवसापासून तो रोज सकाळी त्यांच्या दारात दुधाचा लोटा ठेवू लागला. गिरणीच्या साहेबापुढं हात जोडून त्यानं लवूला सूत मोजायचं हलकं काम मिळवून दिलं. पाणी भरलं, औषध आणलं. चाळ म्हणाली, मुकादम म्हणजे देवमाणूस. ते ऐकलं की तो झटकन खोलीत शिरून कडी लावायचा.

फेब्रुवारीतल्या प्रभुभोजनाला त्यानं तापाचं निमित्त केलं. मार्चमध्ये गावाला गेला. एप्रिलचा पहिला रविवार मात्र पुनरुत्थानाचाच, ईस्टरचा सण होता. आदल्या आठवड्यात तो मंडळीच्या पाळकसाहेबांच्या घरी गेला आणि म्हणाला, "ताट दुसऱ्याकडं द्या. मी भाकरबी घेणार न्हाई. आधी लवूचं फेडतो, मग येतो."

आणि सगळं सांगून टाकलं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. "ताट आपल्या मंडळीतला कमलाकांत फिरवील," ते म्हणाले. "पण गुणाजी, त्या ताटातलं कोणी कमावून खातं, असं तुम्हाला इतकी वर्षं वाटत होतं?"

गुणाजी मान खाली घालून बाहेर पडला.

शनिवारी दुपारी तो लवूच्या खोलीत गेला. लवू डाव्या हातानं पेज पीत होता. गंगुबाई तांदूळ निवडत होती.

"लवू, त्या दिवशी म्या घरातच व्हतो. कडी काढली न्हाई."

गंगुबाईचा हात सुपातच थांबला. लवूनं पेजेचा घोट गिळला.

"माका ठावक आसा."

"काय ठावं?"

"तुमचो खोकलो. सात वर्सां आयकतंय मी तो. दाबलास म्हणान काय झाला? मीच सगळ्यांका सांगलंय, मुकादम पाळयेर होतो म्हणान. चाळीन तुमका फाडून खाल्ल्यान असता."

"मग माझं दूध कसं घेतलंस?"

"दूध चांगला होता," लवू म्हणाला.

"शिव्या दे मला. तोंडात मार."

"खंयच्या हातान?"

गुणाजीला वाटलं होतं, कबूल केलं की छातीवरचा धोंडा उतरेल. तो आणखी खाली दबला. आपण फेडत होतो, आणि हा दारुडा पहिल्या दिवसापासून सोडून देऊन बसला होता!

गंगुबाई मात्र उठली. "आणि तुमी माका सांगूक नाय?" ती आधी नवऱ्यावर कडाडली. मग गुणाजीकडं वळून म्हणाली, "ह्यांनी सोडल्यानी, मी नाय सोडूची. मुकादमानू, उद्यापासून लोटो ठेवूचो नाय." तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. आतून नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण ऐकू येत राहिलं.

रविवारी गुणाजी मंडळीच्या देवळात सगळ्यांत मागच्या बाकावर बसला. पुढं सणाची गाणी चालली होती. गंगुबाई बरोबर होती, आणि लवूही. दोघांचं एकत्र काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

कमलाकांत ताट घेऊन शेवटच्या बाकाशी आला. गुणाजीनं वर पाहिलं नाही. आपल्याला नको म्हणायचा हक्क आहे असं त्याला क्षणभर वाटलं, आणि कुणी घ्यायचं ते आपणच ठरवणं हीही मुकादमीच, असं लगेच वाटलं. कमलाकांत थांबून राहिला.

गुणाजीनं दोन्ही हात पुढं केले. त्यानं भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घातला. ताट तोवर शेजारच्या म्हातारीपुढं गेलं होतं.