साडूभाऊंचा समुद्र

काळजी करणं हा पूर्णवेळ व्यवसाय असता, तर माझे थोरले साडू केव्हाच त्यातल्या सर्वोच्च पदावर पोचले असते आणि ‘आपली बढती चुकून तर झाली नाही ना’ या काळजीने दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन आले असते. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान म्हणजे मानाचं माणूस. पण वीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला या मानाच्या माणसाचा फोन यायचा, "अहो साडूभाऊ, फ्रिजचं दार नीट लागलंय ना?" फ्रिज त्यांचा नव्हे, आमचा. मी "लागलंय" म्हणालो की पलीकडून पुढचा प्रश्न, "बघून सांगताय की अंदाजे?" मग मी कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांतली चार पावलं चालायचो, दार ढकलायचो आणि परत येऊन सांगायचो. स्वारगेटवर साताऱ्याच्या गाडीत बसले की ते आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, आणि कंडक्टर नवीन असू शकतो म्हणून शेजारच्या प्रवाशालाही विचारतात. एकदा त्या प्रवाशाचीच खात्री डळमळली आणि तो बिचारा पिशवीसकट खाली उतरला.

हा माणूस नोकरीला होता एका प्रयोगशाळेत, आणि तिथे त्यांनी तीस वर्षं समुद्राचं पाणी पिण्याजोगं करायचा उद्योग केला. काम नेमकं काय, हे त्यांनी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावून सांगितलं. जिवंत पेशीच्या पातळ भिंतीत म्हणे प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतून फक्त पाणी आत जातं, मीठ बाहेर अडतं. तीच प्रथिनं एखाद्या कृत्रिम पडद्यात नेऊन बसवायची, की झालं. "आत्ता तुमच्या मूत्रपिंडात हेच चाललंय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझी जिलबी हातातच राहिली. "पाण्याचे कण एकामागे एक, रांगेने जातात. ढकलाढकली नाही." मी म्हणालो, "म्हणजे प्रथिन पुण्याचं दिसत नाही. एकदा स्वारगेटला आणून दाखवा त्याला." साडूंनी खरोखर विचार केला आणि चिंतेने मान हलवली. "नको हो. उन्हात वाळेल. वाळलं की संपलं."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. प्रयोगशाळेत जुने नमुने टाकून देणार होते, त्यांतली त्या पडद्याची तळहाताएवढी एक पिशवी त्यांनी रीतसर अर्ज करून, सही-शिक्का घेऊन घरी आणली. अर्ज तीनदा केला; पहिला गहाळ होईल म्हणून दुसरा, आणि दोन पाहून साहेब रागावतील म्हणून खुलाशाचा तिसरा. पुण्यात समुद्र नाही, तेव्हा तो गॅलरीत बादलीत तयार करणं भाग होतं. वाण्याने विचारलं, "काका, एवढं मीठ? लोणच्याचा कारखाना काढला का?" साडूंना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "नाही, समुद्र करतोय." तेव्हापासून वाणी त्यांना मीठ मुकाट्याने देतो. पिशवीत साखरेचा दाट पाक भरायचा, पिशवी त्या खाऱ्या बादलीत सोडायची. पाक पाणी ओढून घेतो, मीठ बाहेर राहतं, आणि दुसऱ्या दिवशी पाकाचं सरबत झालेलं असतं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, हे पाहून म्हणाली, "तीस वर्षं नोकरी केलीत ती सरबतासाठी होय?"

पण ते सरबत तिला कधी मिळालं नाही. प्रयोगशाळेतलं पाणी मोजमाप झालं की मोरीत जायचं, तसंच आता घरचंही जाऊ लागलं. आकडा चांगला आला की साडूंना खारटपणा मोजायच्या मीटरचा संशय यायचा; नवा मीटर आणला की मिठाचा. ताई चिडवायची, पण एकदा माझ्या बायकोपाशी हळूच म्हणाली, "यांच्यासाठी तीस वर्षं जेवणं गरम केली गं. मी कशासाठी थांबले होते, ते मला एकदा चाखू देत की." तिची एवढीच मागणी होती, आणि साडूंची खात्री होत नव्हती.

मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी दोघं चार दिवस नागपूरला गेले. तेव्हा ती पिशवी पाणी भरलेल्या स्टीलच्या डब्यात घालून आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला आली. सोबत तीन पानी सूचना, त्यात ‘वाळता कामा नये, तापता कामा नये’ हे लाल शाईत. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. वीस वर्षं त्या माणसाला हसलेला मी अनवाणी धावलो, रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला आणि डब्याभोवती रचून बसलो. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होतो. बायको म्हणाली, "उघडून उघडून तुम्हीच तापवताय ते." तेवढ्यात नागपूरहून फोन. "लाइट आहे ना?" मी बर्फाकडे बघत म्हणालो, "आहे." "बघून सांगताय की अंदाजे?" "बघून," मी म्हणालो. लाइट संध्याकाळी आली, पण ते खोटं माझ्या छातीवरून उतरलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर एक पेला आणि शेजारी ती रिकामी केलेली पिशवी. ताई इस्त्रीची साडी नेसून बसली होती. तिने पेला उचलला मात्र, मला राहवेना. आत खारं पाणी निघालं, तर तिची तीस वर्षं माझ्यामुळे नासली असती. "थांबा, ताई! साडूभाऊ, त्या दिवशी लाइट गेली होती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," साडू म्हणाले. "तुमच्यानंतर तुमच्या शेजाऱ्यांना फोन केला होता. बर्फ आणलात, तेही कळलं." मग ताईकडे वळून म्हणाले, "आल्यापासून रोज मोजतोय. आठ दिवस मी स्वतः पितोय. घे तू."

ताईने घोट घेतला. साडूंच्या कपाळावर घाम, दोन्ही हात गुडघ्यांवर. "खारट नाही," ती म्हणाली. "साखर जास्त झालीय." आणि तिने पेला सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. साडू तिच्याकडे नुसते बघत राहिले. बघून सांगतेस की अंदाजे, असं काही त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी साडेनऊला फोन आला. "पिशवी टेबलावरच राहिली हो. वाळली." दुसरी पिशवी नव्हती, मिळणारही नव्हती. "अहो, पण तुम्ही विसरलात?" "ती पीत होती ना. तिच्याकडे बघत बसलो." त्यांचा आवाज शांत होता, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

आता तो फोन येत नाही. गॅलरीतली बादली मात्र तशीच आहे; ताई ती ओतू देत नाही. साडेनऊ वाजले की मीच उठतो, फ्रिजचं दार ढकलतो, तरी चैन पडत नाही. काल शेवटी मी फोन केला. "साडूभाऊ, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे."

"बघून सांगताय की अंदाजे?"

"थांबा हं," म्हणाले, आणि त्यांच्या सपाता स्वयंपाकघराकडे, ताईच्या दिशेने जाताना मला ऐकू आल्या.